जुन्या सायकलीची घरची दुरुस्ती

पुणे असो, इंदूर असो की बडोदे, जुन्या मराठी घरांतून जिन्याखाली एखादी काळी, उंच, भारदस्त सायकल भिंतीला टेकून उभी असलेली अद्यापि दृष्टीस पडते. तिचे ब्रेक तारेने नव्हे, तर लोखंडी दांड्यांनी ओढले जातात. पॅडलच्या दातेरी चाकावर बगळ्यांच्या माना कोरलेल्या असल्या तर ती नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याची. तीन बंदुका असल्या तर बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए.ची. पुढे मद्रास, आसनसोल, सोनिपत आणि लुधियाना येथे देशी कारखाने उभे राहिले, तेव्हा त्यांनीही हीच घडण पुष्कळशी उचलली.

ही सायकल आजोबांची आहे, म्हणून ती पुन्हा चालती करावी, अशी इच्छा घरातील कोणास तरी एके दिवशी होते. तेथेच खरा धोका सुरू होतो. या यंत्राचा कोणताही भाग साध्या पान्याने उघडावा, पुसावा आणि पुन्हा बसवावा, अशाच हेतूने तो घडविलेला आहे. परंतु जो भाग आज उतावीळपणे मोडला जाईल तो पुन्हा मिळेलच, याची शाश्वती राहिलेली नाही. काळाने जितक्या जुन्या सायकली नासविल्या नसतील तितक्या उत्साही हातांनी नासविल्या आहेत, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे कॉटर. क्रँकला मधल्या आसाशी जखडून ठेवणारी ही पाचरीसारखी लहानशी खीळ. वर्षानुवर्षांच्या गंजाने ती अशी धरून बसते की नवशिका नट काढतो, वरून हातोडीचे दहा-बारा हलके ठोके घालतो आणि खिळीचे आट्यांचे टोक वाकवून बसतो. मग ती भोक पाडून काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. शहाणा कारागीर आदल्या रात्रीच तेथे पातळ तेल सोडून ठेवतो. नट सैल करून तो आट्यांच्या टोकाशी समपातळीत राहील एवढाच फिरवितो, म्हणजे घाव आट्यांवर न येता नटावर येतो. नंतर लोखंडी नळीचा एक तुकडा जमिनीवर उभा करून त्यावर क्रँक असा टेकवितो की, खिळीचे डोके नळीच्या पोकळीत उतरावे. आणि मग जड हातोडीचा एकच निश्चयी घाव! खालचा हा आधार नसेल, तर त्या घावाचा सारा आघात आतील छर्‍यांवर आणि वाट्यांवर जाऊन तेथे खळगे पडतात. नव्या खिळी बसविताना दोहोंचा उतार कानशीने अगदी सारखा करावा आणि त्या परस्परविरुद्ध बाजूंनी घालाव्या. नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत, आणि पाय फिरविताना ते जाणवत राहते.

आट्यांची दिशा हा असाच दुसरा फसवा प्रकार. डावे पॅडल उलट्या आट्यांचे असते, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु ब्रिटिश घडणीत मधल्या आसाची उजवीकडील वाटीही उलट्या आट्यांची असते, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. आणि ती नेहमीच्या दिशेने जोर लावून उघडू पाहणारा मनुष्य ती अधिकच आवळीत जातो. वस्तुतः तिला हात लावण्याचे बहुधा कारणच नसते. डावी वाटी काढली की आस बाहेर येतो, छर्रे निघतात, आणि उजवी वाटी जागच्या जागी पुसता येते. त्यातच रॅलेची खोड निराळी. इतर ब्रिटिश सायकलींच्या या वाट्यांवर इंचास २४ आटे असत. रॅलेने दीर्घकाळ आपले २६ चालविले. बाजारातील २४ आट्यांची वाटी तेथे दोन फेरे जाते, मग अडते. आणि पान्याला जोर लावला की सांगाडाच कायमचा बिघडतो.

छर्‍यांचा हिशेब मात्र सरळ आहे. मधल्या आसाला पाव इंची छर्रे, प्रत्येक बाजूस ११. मागील चाकाला बहुधा त्याच मापाचे ९. पुढील चाकाला तीन-सोळांश इंची, बाजूस १०. रॉकेलने धुऊन ज्यांवर डाग दिसतील ते निःशंकपणे टाकून द्यावे. जुन्याविषयीचा जिव्हाळा येथे उपयोगाचा नाही. डागाळलेला छर्रा वाटी खातो. नवे व जुने एकत्र मिसळू नयेत.

चामड्याच्या सीटची गोष्ट नाजूक. घरी खोबरेल असते, चामडे कोरडे दिसते, आणि हात आपोआप बुधल्याकडे जातो. तेलाने चामडे मऊ होते खरे. पण इतके की बसणार्‍याच्या भाराने ते झोळीसारखे लोंबू लागते. चामड्यासाठीचे मेणयुक्त मलम पातळसे, विशेषतः खालच्या अंगाने, चोळावे. पुढील टोकाशी असलेला ताणाचा नट कोरड्या चामड्यावर कधीही आवळू नये. चामडे रिबिटांपाशी फाटते, आणि त्यावर उपाय नाही.

रंगाच्या बाबतीत तर बहुतेकांची बुद्धी फिरते. सांगाड्यावरील बारीक सोनेरी रेषा पुष्कळदा कारागिराने कुंचल्याने हाताने ओढलेल्या असत. त्या खरवडून, वर नवा चकचकीत रंग फासून सायकल ‘नवी कोरी’ केल्याचे समाधान मिळते; उरते ती मात्र कोणतीही सायकल. ओल्या मऊ फडक्याने मळ काढावा, वर मेणाचा हात द्यावा, ओरखडे राहू द्यावे. क्रोमवरील गंजाला अॅल्युमिनियमचा चुरगळलेला कागद पाण्यात बुडवून घासला तरी पुरते.

शेवटी चाकाची जुळणी. कोन फार आवळला तर छर्रे रगडले जातात, सैल ठेवला तर चाक डुलते. सायकल उलटी करून चाकास हलकेच गती द्यावी. जुळणी साधली असेल, तर ते मंदावत जाते, थबकते, किंचित मागे येते, आणि हवा भरण्याच्या व्हॉल्व्हच्या इवल्याशा भाराने तो व्हॉल्व्ह अगदी तळाशी आणून स्थिर होते.