ल जांती आणि शुक्राचें अधिक्रमण

आकाशाचे वेध घेणाऱ्यांच्या इतिहासांत यशस्वी माणसांचीं नांवें ठळक अक्षरांत असतात. आज ज्याची हकीकत मी सांगणार आहें, त्याचें नांव अपयशामुळें उरलें. आणि तें अपयश घडलें आपल्या देशाच्या पूर्वकिनाऱ्यावर, पांदिचेरीस.

ग्योम ल जांती याचा जन्म १७२५ सालीं नॉर्मंडींतील कूतांस येथें झाला. धर्मशास्त्र शिकावयास तो पॅरिसला आला आणि देलील या ज्योतिर्विदाचीं व्याख्यानें ऐकून वेधशाळेंत रमला. १७४९ सालीं देवयानीच्या मोठ्या तेजोमेघाशेजारचा लहान तेजःपुंज त्यानें शोधून काढला. मेसियेच्या यादींत त्याचा क्रमांक ३२ वा आहे. एवढ्यावर तो सुखानें राहता. पण त्याचें मन शुक्रावर बसलें.

शुक्र सूर्यबिंबावरून जातांना त्याच्या प्रवेशाच्या व निर्गमनाच्या वेळा दूरदूरच्या ठिकाणांहून टिपल्या, तर त्यांतील फरकावरून सूर्याचें अंतर काढतां येतें, हें हॅलीनें १७१६ सालीं मांडलें होतें. हा योग आठ वर्षांच्या अंतरानें दोनदां येतो आणि मग शंभरावर वर्षें येत नाहीं. १७६१ व १७६९ हीं तीं जोड वर्षें.

मार्च १७६० मध्यें ल जांती ब्रेस्टहून निघाला. इंग्रज व फ्रेंच यांचें युद्ध चालू होतें. मॉरिशसहून पुढचें जहाज मिळण्यास आठ महिने गेले, आणि तें मे १७६१ मध्यें माहेजवळ आलें तेव्हां कळलें कीं, पांदिचेरी जानेवारींतच इंग्रजांनीं घेतली आहे. कप्तानानें जहाज मागें वळविलें. ६ जूनला आकाश निरभ्र, शुक्र सूर्यबिंबावर, आणि ज्योतिर्विद डोलत्या जहाजावर! लंबकाचें घड्याळ तेथें कसें चालावें? त्यानें अधिक्रमण पाहिलें खरें, पण तो वेध गणिताच्या उपयोगी नव्हता.

दुसरा कोणी घरीं परतला असता. यानें आठ वर्षें थांबण्याचें ठरविलें. १७६६ मध्यें तो मनिलास गेला. परंतु तेथील स्पॅनिश गव्हर्नरास त्याच्या कागदपत्रांचा संशय आला, आणि पॅरिसच्या अकादमीचा कलही पांदिचेरीकडेच होता. मार्च १७६८ मध्यें तो तेथें उतरला. गांव फ्रेंचांस परत मिळालें होतें, पण उद्ध्वस्त स्थितींत. त्या पडक्या वास्तूंवरच त्यानें वेधशाळा बांधली. मद्रासच्या इंग्रजांनीं, म्हणजे कालच्या शत्रूंनीं, त्याला दुर्बीण धाडली, हें येथें नमूद करणें मला अगत्याचें वाटतें.

वाट पाहण्याचे ते दिवस त्यानें फुकट घालविले नाहींत. तमिळ ज्योतिष्यांकडून तो ग्रहणाचें गणित शिकला. लेखणी न घेतां, नुसत्या कवड्या मांडून, त्यांचें गणित किती झटपट चाले याचें त्याला नवल वाटे. १७६५ च्या ३० ऑगस्टच्या चंद्रग्रहणाचा काल त्यांच्या रीतीनें ४१ सेकंदांनीं कमी आला. मायरच्या प्रसिद्ध युरोपीय कोष्टकांनीं तो ६८ सेकंदांनीं जास्त आला होता! ही नोंद वाचून आपण छाती फुगवूं नये. पण ती विसरूंही नये.

आतां ती रात्र. १७६९ चा मे महिना सारा स्वच्छ गेला होता. ४ जूनला सूर्योदयीं शुक्र बिंबावर दिसावयाचा होता. पहाटे दोनच्या सुमारास ल जांतीला जाग आली, आणि पाहतो तों आकाश झांकलेलें! पुढें वारा सुटला, पण ढग हटले नाहींत. अधिक्रमण संपलें, आणि थोड्याच वेळांत लख्ख ऊन पडलें. त्या दिवशीं मनिलाला आकाश स्वच्छ होतें. पुढें दोन आठवडे त्याला लेखणी हातीं धरवेना.

ऑक्टोबर १७७१ मध्यें, साडेअकरा वर्षांनीं, तो फ्रान्सांत परतला. तो मेला असें समजून वारस त्याची मिळकत वांटून घेण्याच्या तयारींत होते, आणि अकादमींतील त्याची जागा दुसऱ्यास दिली गेली होती. तो कज्जा लढला व हरला. त्याच वर्षीं लालांदनें इतरांच्या वेधांवरून सूर्याचें अंतर सुमारें १५ कोटी ३० लक्ष किलोमीटर काढलें. आज तें १४ कोटी ९६ लक्ष मानतात. त्या गणितांत ल जांतीचा एकही आंकडा नाहीं.

अकादमींत त्याला पुन्हां स्थान मिळालें. त्यानें विवाह केला, त्याला एक कन्या झाली. १७७९ व १७८१ मध्यें त्यानें हिंदी महासागरांतील आपल्या प्रवासाचे दोन खंड छापले, आणि त्यांतूनच पांदिचेरीच्या त्या कवड्यांचें गणित युरोपच्या पंडितांपुढें गेलें. ल जांती १७९२ च्या ऑक्टोबरांत वारला.