फॅमिली रूमच्या बाहेरचं बाकडं

(अक्कलकुवा येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी हॉटेलविषयी बोलणार आहे. मारहाण, दारू, जमिनीचा सातबारा, रेशन असे एवढे विषय समोर असताना हॉटेलात चहा पिण्याविषयी काय बोलायचं, असं काहींना वाटेल. पण या विषयाचा आपल्या मजुरीशी आणि उचलीशी सरळ संबंध आहे, म्हणून तो घेतला आहे.

आपल्या बाजाराच्या दिवसाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. मोलगीकडच्या पाड्यांवरून बाया पहाटे निघतात. काही जीपच्या मागे उभ्या राहून येतात, काही पायी. डोक्यावर भगर, आमचूर, टोळंबी, चारोळी, कोंबडी, जे हंगामात असेल ते. माल विकेपर्यंत दुपार होते. मग मीठ, तेल, मिरची घ्यायची आणि जीप भरेपर्यंत वाट बघायची. ही वाट त्या कुठे बघतात? दुकानाच्या पायरीवर, झाडाखाली, नाहीतर रस्त्याच्या कडेला उकिडव्या बसून. भजी घेतली तरी कागदात बांधून घेतात आणि बाहेर खातात. समोरच्या हॉटेलातल्या बाकड्यांवर मात्र पुरुष बसलेले असतात. त्यांनाही जीपचीच वाट बघायची असते.

आता फॅमिली रूमविषयी. गेल्या पावसाळ्याच्या आधी मी आणि माझी एक मैत्रीण प्रशिक्षणासाठी मुंबईला गेलो होतो. ती आपल्याच डोंगरातली, आशा सेविका आहे. संध्याकाळी आम्ही राहत होतो त्या गल्लीतल्या एका हॉटेलात गेलो. हॉटेल नवंच, पण सजावट सगळी जुन्या काळची. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर जुन्या सिनेमांची पोस्टरं, कोपऱ्यात मोठा रेडिओ, काचेच्या बरण्यांत बिस्किटं. जुन्या इराणी हॉटेलांसारखं दिसावं म्हणून मुद्दाम केलेलं. आम्ही बनमस्का आणि चहा मागवला. दोघीच होतो, पण कुणी वळून बघितलं नाही. माझ्या मैत्रिणीने आधी खुर्चीच्या कडेवर बसून चहा घेतला, मग हळूहळू पाठ टेकली. ते मला फार बरं वाटलं.

एका बाजूला लाकडी फळ्यांनी आडोसा केलेली छोटी खोली होती. वर पाटी, ‘फॅमिली रूम’. कॉलेजच्या मुली त्या पाटीखाली उभ्या राहून फोटो काढत होत्या. मैत्रिणीने मला विचारलं, ‘‘ताई, ही खोली कशाची?’’ मी सांगितलं, पूर्वी बायकांना बाहेरच्या टेबलांवर बसू देत नसत, म्हणून त्यांच्यासाठी आत वेगळी खोली असे. आता ती नुसती शोभेसाठी ठेवली आहे. ती म्हणाली, ‘‘पूर्वी म्हणजे? आपल्याकडे तर अजून आहे.’’

तिचं खरं होतं. मुंबईत जे शोभेचं झालं आहे ते तालुक्याच्या गावी अजून वापरात आहे. नंदुरबारकडच्या रस्त्यावर एका हॉटेलात आम्हा दोघींनाच पुढच्या टेबलावरून उठवून ‘आत बसा’ म्हणून सांगितलं होतं. आत अंधार होता आणि पंखा बंद होता. शिवाय त्या पाटीवरचा शब्दही बघा. ‘फॅमिली’ म्हणजे नवऱ्याबरोबर आलेली बाई. दोन मैत्रिणी, विधवा, सोडलेली बाई किंवा लेकीला घेऊन दवाखान्यात आलेली आई, ह्या सगळ्या कोणत्या खोलीत बसणार?

जुन्या हॉटेलांची आठवण सगळी खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. मुंबईतलं कयानी 1904 चं, ब्रिटानिया 1923 चं. ज्या काळात जात विचारून कप वेगळा ठेवला जाई, त्या काळात इराण्याच्या टेबलावर कामगार, कारकून, हिंदू, मुसलमान सगळे शेजारी बसून चहा पिऊ शकत. ही मोठी गोष्ट होती. पण त्या टेबलावर बहुतेक पुरुषच होते. जातीची भिंत थोडी खाली आली तेव्हाही बाई लाकडी आडोशाच्या मागेच राहिली. आज आपण त्या काळाच्या खुर्च्या कौतुकाने मांडतो, तेव्हा त्या खुर्च्यांवर कोण बसत नव्हतं हेही आठवायला हवं.

त्याच मुंबईत दुसरी एक जेवणाची जागा होती, तिची नक्कल मात्र कुणी करत नाही. गिरणगावातल्या खानावळी. गावाकडून एकट्या आलेल्या गिरणी कामगारांना बाया आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत रांधून जेवू घालत. त्यांना सावकाराचं व्याज भरावं लागे. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि ह्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. 1982 च्या संपात गिरण्या बंद पडल्या, त्याचा फटका ह्या खानावळींनाही बसला. म्हणजे शहराला जेवू घालणारी बाई आहे, पण शहरात बसून जेवणारी बाई दिसत नाही. चूल तिची आणि बाकडं त्याचं, अशी ही वाटणी आहे.

कायदा काय म्हणतो? आपल्या राज्यघटनेतलं कलम 15 मधलं दुसरं उपकलम गटात वाचून घ्या. दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत जाण्यापासून कुणालाही धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यामुळे अडवता येणार नाही, असं तिथे लिहिलं आहे. ‘लिंग’ हा शब्द तिथे पहिल्या दिवसापासून, म्हणजे 26 जानेवारी 1950 पासून आहे. पुढे 1955 साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला, 1976 पासून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्यात हॉटेलात जाऊ न देणं हा गुन्हा ठरला. पण तो अस्पृश्यतेच्या कारणापुरता. बाई म्हणून आत पाठवलं, तर तो कायदा लागू होत नाही. तेव्हा ही जागा आपल्याला बसूनच मिळवावी लागणार आहे.

आता मुख्य मुद्दा. हॉटेलात नुसता चहा मिळत नाही, तिथे व्यवहार ठरतात. दिवाळीच्या आधी मुकादम कुठे बसतो? हॉटेलात. गुजरातच्या कारखान्यांना ऊसतोडीला जाण्यासाठी उचल किती, टनाला भाव काय, कधी निघायचं, हे सगळं चहाच्या टेबलावर ठरतं. तिथे ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायको अशी जोडी धरतात. अर्धं काम बाईचं. ऊस तोडायचा नवऱ्याने तर मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहायच्या तिने, शिवाय पहाटे भाकरी थापायच्या, पोर सांभाळायचं. पण अंगठा नवऱ्याचा, पैसा नवऱ्याच्या हातात आणि ठरलं काय ते तिला घरी गेल्यावर कळतं, तेही तो शुद्धीवर असेल तर. मालाचं तसंच. आज आमचुराला काय भाव निघाला हे हॉटेलात बसलेल्याला आधी कळतं, पायरीवर बसलेलीला विकून झाल्यावर.

म्हणून बाकड्यावर बसणं ही हौस नाही. जिथे आपल्या कष्टाची किंमत ठरते तिथे आपण हजर असणं, एवढाच त्याचा अर्थ आहे.

‘चांगल्या घरच्या बाया हॉटेलात बसत नाहीत’ असं म्हणणारे भेटतील. त्यांना विचारा, चांगल्या घरच्या बाया डोक्यावर ओझं घेऊन डोंगर उतरतात, ते चालतं ना? आणि आपल्या आदिवासी समाजात बाईने बाजारात जाणं, चारचौघांत नाचणं, बोलणं ह्यात लाज कधी नव्हती. हॉटेलात न बसण्याची रीत आपण बाहेरून उचललेली आहे. ती ठेवायलाच हवी असं नाही.

मी तीन गोष्टी सुचवते, त्यावर गटांमध्ये बोला.

पहिली, बाजाराच्या दिवशी चार-पाच जणींनी मिळून हॉटेलात पुढच्या बाकड्यावर बसायचं. एकटीने सुरुवात करू नये, त्रास तिला एकटीलाच होतो. चहाचे पैसे आपले आपण द्यायचे. ‘आत बसा’ म्हटलं तर ‘इथे बरं आहे, दादा’ एवढंच सांगायचं.

दुसरी, उचल ठरते त्या दिवशी कोयत्यातल्या दोघांनी टेबलावर हजर राहायचं. आकडा वहीत लिहून घ्यायचा आणि वही बाईजवळ ठेवायची.

तिसरी, बचत गटांपैकी कुणाची तयारी असेल तर बाजारात आपलं चहा-भाकरीचं दुकान काढू. मुतारी, पाणी आणि सावलीसाठी मात्र आपण वर्गणी काढायची नाही. बाजारात बसण्याचे पैसे आपल्याकडून घेतले जातात, तेव्हा ती मागणी पैसे घेणाऱ्यांकडे लेखी करायची. अर्जाचा मसुदा मी आणला आहे.

आपल्या दुकानात पुरुषांनीही यावं, बसावं. फक्त वेगळी खोली आपण कुणासाठीच ठेवायची नाही.

अर्जावर आज किती जणी सही किंवा अंगठा देणार ते सांगा, आणि पुढच्या बाजाराला कोण कोण येणार त्यांची नावं इथेच लिहून घेऊ.