समुद्रमार्गे अंदमान : एका कौटुंबिक सहलीची पूर्वतयारी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात नंदनवन येथे केलेले भाषण)



आपल्या कार्यकारिणीने येत्या फाल्गुनात सभासद-कुटुंबांची सहल अंदमानास नेण्याचे योजिले आहे. जाताना जहाजाने, तेथे पोचल्यावर अरण्यप्रदेशातून भूमार्गाने, असा हा बेत आहे. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकविला, म्हणून याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी समुद्रोल्लंघन हे पातक मानले जाई. जहाजावर पाय ठेवणाऱ्यास प्रायश्चित्त सांगणाऱ्या ज्ञातिसभाच होत्या. आज तशीच एक ज्ञातिसभा लेकीसुनांसह समुद्र ओलांडण्यासाठी वर्गणी गोळा करीत आहे, हे पाहून आमच्या पिढीला गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

प्रथम जहाजाविषयी. वर्तमानपत्रांतील जाहिरातींत जी पंचतारांकित क्रूझ दिसते, तसले काही मनात आणू नये. श्री विजय पुरम्‌ला, म्हणजे २०२४ पर्यंत ज्यास पोर्ट ब्लेअर म्हणत त्या बंदराला, चेन्नई, कोलकाता व विशाखापट्टणम् येथून जाणारी सरकारी प्रवासी जहाजे ही बेटांवरील रहिवाशांच्या सोयीसाठी आहेत. सुटीवर निघालेला शिपाई, तपासणीस गेलेला रोगी, परीक्षा देऊन परतणारा विद्यार्थी, असे आपले सोबती असतील. आम्हां नागपूरकरांस चेन्नई सोयीची, कारण ग्रँड ट्रंक मार्गावरील गाडी येथून थेट तेथे जाते. चेन्नईहून सागरी अंतर सुमारे १,१९० किलोमीटर असून त्यास अडीच-तीन दिवस लागतात. केबिनमध्ये खर्च अधिक. बंक म्हणजे एकावर एक फळ्यांच्या शय्या, त्या स्वस्त. साठी उलटलेल्यांनी व लहान मुलांच्या मातांनी केबिनच घ्यावी. ज्यांना तो खर्च झेपणार नाही त्यांचा फरक मंडळाच्या निधीतून द्यावा, असा माझा आग्रह आहे. सहलीस एकाच ज्ञातीची माणसे जावयाची आणि निम्मी वर, निम्मी खाली अशी विभागणी पैशावरून व्हावयाची, हे मला रुचत नाही.

खरी अडचण तिकिटांची आहे. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते. जहाजाच्या फेऱ्या मात्र पुष्कळदा त्याहून उशिरा जाहीर होतात, आणि एखादे जहाज दुरुस्तीस गेले की तारखा बदलतात. यास्तव तारीख जहाजाची धरावी व रेल्वे तिच्या मागे बांधावी. चेन्नईत दोन दिवस मोकळे ठेवावेत. परतीचा प्रवास विमानाने करावा, म्हणजे कामावर रुजू व्हावयाच्या दिवशी कोणी समुद्रातच अडकून पडणार नाही. फाल्गुन निवडला तोही विचारपूर्वक. मे महिन्यापासून नैऋत्येचा पाऊस, पुढे ऑक्टोबर ते डिसेंबर बंगालच्या उपसागरातील वादळे. माघ-फाल्गुनात समुद्र बहुधा शांत असतो.

तथापि शांत समुद्रातही बोट लागते. पहिल्या रात्री रिकाम्या पोटी राहू नये व पोटभर जेवूही नये. आवळकाठी, लिंबू, सुंठ जवळ असावी. दशम्या व चिवडा घरचा असावा, कारण जहाजावरील भोजन आपल्या जिभेस मानवेलच असे नाही. रोजची औषधे मोठ्या सामानात न ठेवता हातातील पिशवीत ठेवावीत. भर समुद्रात भ्रमणध्वनी चालत नाही, हे घरी राहणाऱ्यांस आधीच सांगून ठेवावे; नाहीतर दुसऱ्या दिवशी इकडे रडारड सुरू व्हावयाची!

याच मार्गाने, मद्रासहूनच, ‘महाराजा’ नावाच्या जहाजातून स्वातंत्र्यवीर सावरकरांस नेण्यात आले व ४ जुलै १९११ रोजी ते अंदमानास पोचले. सेल्युलर तुरुंगाचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झाले. मूळच्या सात शाखांपैकी आता तीनच उभ्या आहेत. विमानाने दोन-अडीच तासांत पोचणाऱ्यास ‘काळे पाणी’ या शब्दाचा अर्थ कळणे कठीण. तीन दिवस चहूकडे पाणीच पाणी पाहिल्यावर तो मुलांस शिकवावा लागत नाही, म्हणूनच मी जहाजाच्या पक्षाचा आहे. निघण्यापूर्वी प्रत्येक घरात ‘माझी जन्मठेप’ वाचली जावी.

आता भूमार्गाचा प्रश्न. यावर मतभेद आहे, आणि तो मी लपवीत नाही. दक्षिणेकडून उत्तरेस जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवा लोकांच्या राखीव अरण्यातून जातो. जिरकाटांग येथून वाहनांचे तांडे पहाऱ्यात सोडतात; वाटेत थांबण्यास व छायाचित्रे घेण्यास बंदी आहे. काही तरुण सभासदांची इच्छा आहे की, याच रस्त्याने जावे, म्हणजे ‘जारवा दिसतील’. मला हे मान्य नाही. हे लोक संख्येने थोडे शेकडे आहेत, १९९८ च्या सुमारास ते प्रथमच वैरभाव सोडून बाहेर येऊ लागले, आणि आपल्याकडील साध्या गोवरानेही त्यांच्यात साथ पसरू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली तो रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता, तरी वाहतूक चालूच राहिली. २०१२ साली अन्नाचे आमिष दाखवून जारवा स्त्रियांस नाचावयास लावल्याची चित्रफीत जगभर गाजली. वाघ पाहावयास आपण पेंचला जातो. माणसे त्या रीतीने पाहावयाची नसतात. ज्या समाजाने आपापसांतील उच्चनीचतेचे चटके सोसले आहेत, त्याच्या मंडळाने तरी त्या तांड्यात आपली गाडी लावू नये.

आणि त्यावाचून काही अडतही नाही. श्री विजय पुरम्‌हून रंगतला बोटीने जाता येते. तेथील धनीनाला येथे कांदळवनातून लाकडी पायवाट केली आहे. म्हाताऱ्यांसही ती झेपेल. रंगतपासून उत्तरेकडील रस्ता मायाबंदरवरून डिगलीपूरला जातो व तो राखीव क्षेत्राबाहेर आहे. डिगलीपूरजवळ सॅडल पीक हे ७३२ मीटरचे, त्या द्वीपसमूहातील सर्वोच्च शिखर आहे, आणि जवळच कालीपूरच्या वाळूत समुद्रकासवे अंडी घालावयास येतात. आपल्या सागाच्या रानात वावरलेल्यांस तेथील पडौकचे गगनचुंबी वृक्ष पाहून नवल वाटेल. त्या अरण्यात वाघ-बिबटे नाहीत, परंतु खाड्यांतून मगरी आहेत; पाटी लावलेल्या ठिकाणी पाण्यात पाय घालावयाचा नाही, मग पाणी कितीही निळे दिसो. त्या भागात फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती आहे. हिंदी सर्वत्र चालते.

भूगोलाच्या मास्तराची एक सवय सांगून घेतो. अंदमान आपल्या नागपूरच्या पूर्वेस सुमारे साडेतेरा अंश आहे. एका अंशास ४ मिनिटे धरली तर सूर्य तेथे पाऊण तासाहून अधिक आधी उगवतो व आधीच मावळतो. घड्याळ मात्र तेच. यास्तव दिवसाचा कार्यक्रम पहाटे पाचला सुरू होईल; उशिरा उठणाऱ्यांनी आतापासूनच सराव करावा.

नावे दसऱ्यापर्यंत चिटणिसांकडे द्यावीत. सोबत वय, चालू औषधे आणि केबिन की बंक, एवढे एका कागदावर लिहावे. ज्यांना निधीतून साहाय्य हवे आहे त्यांनी तो कागद बंद पाकिटात माझ्या हाती दिला तरी चालेल; तो अध्यक्षांवाचून दुसऱ्या कोणी पाहणार नाही.