शिवणींतली माया
(महोत्सवी वर्षाच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं देऊळ बांधणाऱ्यांचीं, देणगीदारांचीं आणि मिशनऱ्यांचीं नांवें घ्यावयाची चाल आहे. तीं आपण घेतलीं. मला आज ज्यांची आठवण सांगावयाची आहे त्यांचें नांव कोणत्याही फरशीवर कोरलेलें नाहीं. यंदा वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षीं ते देवाघरीं गेले. सभेंत त्यांचें नांव घेऊं नये अशी त्यांच्या वृद्ध पत्नीची इच्छा आहे, म्हणून मी नुसतें ‘दुकानदार आजोबा’ म्हणेन. मागच्या बांकांवरील मंडळींना तेवढें पुरे आहे.

१९४७ सालीं देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून निर्वासित झालेल्या कुटुंबांसाठीं पिंपरीस छावणी उघडली. सारें गमावून आलेल्या त्या लोकांनीं छावणीच्या आसपास दुकानें थाटलीं; आजची कँपांतली कापडाची पेठ त्यांतूनच वाढली. १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, मागाहून इतर कारखाने आले, आणि खेड्यापाड्यांतून आलेल्या तरुणांना धोतर सोडून पाटलोण चढवावी लागली. नगर जिल्ह्यांतील एका खेड्यांतून आमचे आजोबाही असेच आले. मात्र ते कारखान्याच्या दारांत न जातां एका सिंधी व्यापाऱ्याच्या दुकानांत गज हातीं धरून उभे राहिले. पुढें त्यांनीं स्वतःचें दुकान काढलें. पुरुषांचे सदरे आणि पाटलोणी. दुसरें कांहीं नाहीं.

त्यांची माझी पहिली भेट मी पुण्यास पेपल सेमिनरींत विद्यार्थी असतांना झाली. त्यांनीं माझें माप घेतलें आणि कारागिराला शिवणींत चांगली दोन बोटें माया ठेवावयास सांगितलें. कापड वांया जातें, असें मी म्हणालों. तेव्हां ते म्हणाले, “ब्रदर, अभ्यास लांबचा आहे. फादर व्हाल तोंवर कंबर तीच राहणार नाहीं.” ती पाटलोण मीं तीन वेळां उसवून घेतली.

पुष्कळ वर्षांनीं मी येथें धर्मगुरू म्हणून आलों आणि त्यांना धर्मग्रामाच्या समितीवर येण्याची विनंती केली. त्यांनीं हात जोडून नकार दिला. सभा सायंकाळीं असत, आणि सायंकाळीं आपल्याला घरीं काम असतें, एवढेंच ते बोलले. मला तें आवडलें नाहीं. हा मनुष्य गल्ला आणि संसार ह्यांपलीकडे पाहत नाहीं, असें मीं मनाशीं ठरवून टाकलें, आणि मला सांगावयास लाज वाटते कीं एकदां एका प्रवचनांत तसा टोमणाही मारला. ते पुढच्या बांकावर बसले होते. मिस्सा झाल्यावर नेहमीप्रमाणें त्यांनीं मला ‘येशूची स्तुति’ म्हटलें.

आपल्या औद्योगिक भागांत कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारीं असते. म्हणून गुरुवारची संध्याकाळ ही कपडेवाल्याची सुगी. अशाच एका गुरुवारीं साडेसातला मी त्यांच्या दुकानावरून जात होतों. शेजारचीं दुकानें गिऱ्हाइकांनीं भरलेलीं, आणि ह्यांचें दार अर्धें खालीं ओढलेलें! वांकून पाहिलें तों मागच्या खोलींत आजी, मुलगे, सुना, नातवंडें गुडघ्यांवर, आणि आजोबा माळेचा पुढचा मणी धाकट्या नातीच्या हातीं देत आहेत. माळेनंतर सर्वांनीं एकत्र जेवावयाचें आणि मग दार वर करावयाचें. बाजारांतले लोक ह्या तासाला हंसत. गुरुवारीं तरी दार उघडें ठेवा, असें मुलांनींही सुचविलें होतें. त्यावर ते म्हणत, “गिऱ्हाईक उद्यां येईल. हीं पोरें उद्यां एवढींच राहणार नाहींत.”

मीं त्यांची क्षमा मागितली. त्यांना तो टोमणा आठवत नव्हता, निदान ते तसें म्हणाले.

कापडवाल्यांचा एक संत आहे, हें आपणांपैकीं थोड्यांस ठाऊक असेल. इटलींतील क्रेमोना शहराचा होमोबोनुस. लॅटिनमध्यें ह्या नांवाचा अर्थ ‘भला माणूस’. हा विवाहित व्यापारी १३ नोव्हेंबर ११९७ रोजीं मिस्सा चालू असतांना हात क्रुसासारखे पसरून देवाघरीं गेला, आणि १२ जानेवारी ११९९ रोजीं पोप तिसरे इनोसंट ह्यांनीं त्यास संतपद दिलें. राजघराण्यांतला वा सरदारकुळांतला नसून मध्ययुगांत संतपदास पोहोंचलेला हा एकच प्रापंचिक, असें पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं १९९७ सालच्या पत्रांत लिहिलें आहे. त्याच्या दानधर्माच्या कथा पुष्कळ; पत्नी त्याबद्दल कुरकुर करी, असेंही परंपरा सांगते. त्या बाईविषयीं मला नेहमीं सहानुभूति वाटत आली आहे. तिची बाजू कोणी लिहून ठेवली नाहीं. आमच्या आजोबांकडे उलट होतें. गणवेश परवडत नसलेलें पोर दाराशीं आलें कीं किंमत आजीच सांगत, आणि ती प्रत्येक वेळीं निराळी असे.

अखेरच्या दुखण्यांत आजोबांचें शरीर फार झिजलें. अंत्यविधीसाठीं दुकानांतलाच पांढरा सदरा काढला, तो खांद्यांत सैल पडला. सून कात्री घेऊन बसली. तेव्हां आजी कोपऱ्यांतून म्हणाल्या, “आंत दुमडून टांका घाल, बाळ. माया कापूं नकोस.”