सालदार नव्हे, लेकरू



देवाचे विनाअट प्रेम हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे. देवाजवळ जायला आधी पात्रता लागते का, हा प्रश्न मात्र आपल्या बुलढाणा जिल्ह्याला नवा नाही. देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानतात. ज्यांना पंढरपूरच्या देवळात पाऊल टाकू दिले नाही, त्यांची समाधी त्याच देवळाच्या महाद्वारासमोर आहे.

येशूला हा प्रश्न रागाने विचारला गेला. जकातदार आणि पापी म्हणून वाळीत टाकलेल्यांच्या पंगतीला हा बसतो कसा, अशी धर्मपंडितांची कुरकुर होती. त्यावर त्याने सांगितलेली गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात पंधराव्या अध्यायात आहे.

धाकटा मुलगा बाप हयात असताना वाटणी मागतो. खेड्यात याचा अर्थ काय होतो, ते तुम्हाला सांगायला नको. बाप वाटणी देतो. पोरगा परमुलखात सगळे उधळतो, तिथे दुष्काळ पडतो आणि यहुदी घरातला हा मुलगा डुकरे राखू लागतो. उपाशीपोटी तो बोलणे जुळवतो : मी चुकलो, मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी उरली नाही, मला सालदार म्हणून तरी ठेवा.

तो घराकडे परततो, तेव्हा बाप त्याला लांबूनच ओळखतो आणि वयाचा, मानाचा विचार न करता धावत सुटतो. पोरगा चुकीची कबुली देतो. बाप ती ऐकतो. पण सालदारकीची विनंती तोंडातून निघायच्या आत अंगरखा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. मजुरीची बोलणी तो होऊच देत नाही.

मग थोरला शेतातून येतो. घरात वाजंत्री ऐकून तो रागाने बाहेरच थांबतो. इतकी वर्षे राबलो, पण मित्रांबरोबर मजा करायला कधी करडूही मिळाले नाही, ही त्याची तक्रार. घरात राहूनही हा मनाने सालदारच होता. एकाने मजुरी गमावली असे मानले, दुसऱ्याने ती थकली असे मानले. आणि बाप दोघांसाठीही घराबाहेर आला. थोरला आत गेला की नाही, हे येशू सांगत नाही. ते समोर बसलेल्या धर्मपंडितांनी ठरवायचे होते. आज ते आपण ठरवायचे आहे.

ही गोष्ट महाराष्ट्रात कुणी जगून दाखवली असेल, तर पंडिता रमाबाईंनी. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनमधल्या फुलम इथे वाँटेजच्या मठातल्या ख्रिस्ती धर्मभगिनी समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना जवळ करून सांभाळत होत्या. शास्त्रे मुखोद्गत असलेल्या रमाबाईंना याचे नवल वाटले. हे तुम्ही कशासाठी करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेल्या, परक्या जमातीच्या त्या बाईकडे येशूने आपण होऊन पाणी मागितले होते. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या आपल्या मुक्तिसदनात त्यांनी कृपासदन उघडले, ते फसवल्या गेलेल्या, टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी. आधी सुधारा, मग या, असे तिथे कुणाला सांगितले नाही.

आपल्याकडेही याच श्रद्धेने माणसे आली. विसाव्या शतकाच्या आरंभापासून बुलढाण्यात नाझरीन या ख्रिस्ती मंडळीचे काम आहे. त्याच मंडळीच्या डॉ. ऑर्फा स्पायचर १९३६ साली भारतात आल्या आणि त्यांनी शेजारच्या वाशिमला रुग्णालय उभारले. या मंडळीच्या विचारावर इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांचा ठसा आहे. माणूस देवाकडे पहिले पाऊल टाकतो, त्याआधीच देवाची कृपा त्याच्यापर्यंत पोचलेली असते, असे वेस्ली शिकवत.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला : अट नाही म्हणजे काहीही करायला मोकळीक का? यरीहोचा जक्कय आठवा. लोकांना नाडून श्रीमंत झालेल्या या जकातदाराला येशू म्हणाला, आज मी तुझ्याकडे उतरणार. हिशेब विचारला नाही. तरी जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले. धाक दाखवून हे झाले नसते. प्रेम आधी आले, म्हणून पश्चात्ताप खरा झाला.

दुसरा : मदतीच्या मोबदल्यात धर्म मागितला तर? मी ख्रिस्ती माणूस म्हणून स्पष्ट सांगतो, भाकरीवर किंवा औषधावर अशी अट घालणारा ख्रिस्ताशी बेइमानी करतो. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले. आभार मानायला एकच परत आला, तरी उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य त्याने काढून घेतले नाही.

मित्रहो, आपण पश्चिम विदर्भातली माणसे आहोत. कर्ज फिटले नाही, पीक हाती आले नाही, की आपल्या जगण्याला मोल उरले नाही असे मानून किती कर्त्या माणसांनी या भागात जीव दिला, हे आपण जाणतो. हमीभाव, पाणी, पतपुरवठा यांसाठी भांडलेच पाहिजे. पण त्याच वेळी घराघरात हेही बोलले गेले पाहिजे की तू कमावतोस म्हणून आमचा नाहीस. तू आमचा आहेसच. नापास झालेल्या पोराला, माहेरी परतलेल्या लेकीला, व्यसनातून उठू पाहणाऱ्या भावाला हे ऐकू येऊ द्या. देव आपल्यावर असे प्रेम करतो यावर ज्याचा विश्वास आहे, त्याने आपल्या उंबरठ्यावर अट ठेवू नये.