वेदनेची हजेरी



धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही येथल्या मराठी घरांनी आपली भाषा जपली, सणवार जपले. आणि एक मौनही जपले. ‘कावळा शिवला’ एवढे म्हटले की त्या विषयावर अधिक बोलावयाचे नसे. ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी मला स्पष्ट बोलावयास शिकविले. म्हणून आज त्या मौनाविषयीच बोलते.

मी धारला शिकत असताना दर महिन्यास दोन-तीन दिवस गैरहजर राही. असह्य कळा येत, घेरी येई. ‘लग्न झाले की थांबेल,’ असे घरात सांगत. लग्न होऊन देवासला आले, तेव्हा ‘मूल झाले की थांबेल,’ असे ऐकले. सोनोग्राफीत काही आढळले नाही. तेव्हा दोष मनाचाच, असे सर्वांनी मानले, मीही मानले. अखेर इंदूरला दुर्बिणीने तपासणी झाली आणि अकरा वर्षांनी दुखण्यास नाव मिळाले : एंडोमेट्रिऑसिस.

या विकारात गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक अंडाशयावर, ओटीपोटाच्या आवरणावर, क्वचित आतड्यावरही वाढते. त्यामुळे दाह होतो आणि अवयव एकमेकांस चिकटतात. काहींना वंध्यत्व येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे १९ कोटी स्त्रियांना हा विकार आहे. दुखणे मनाचे नव्हते, हे कळले त्या दिवशी मी रडले. ते दुःखाने नव्हे.

निदानास विलंब का होतो? एक कारण असे की, सोनोग्राफी निर्दोष आली म्हणजे रोग नाही, असे ठरत नाही. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणांवरून संशय बळावल्यास शस्त्रक्रियेची वाट न पाहता औषधोपचार सुरू करता येतात. दुसरे कारण आपले मौन. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. पूर्वी तपासणी झाली होती ती अवघ्या ८ टक्क्यांची. तो अभ्यास या एका विकाराचा नव्हे. परंतु न सांगितलेल्या दुखण्याचे माप त्याने प्रथमच दिले.

शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. हजेरीपट पाहा. एखादी मुलगी दर महिन्यास ठरावीक दिवशी गैरहजर राहत असेल, तर तिला आळशी म्हणू नका. जवळ बसवून विचारा. मुलींनो, तुम्ही तारीख, वेदना आणि बुडालेले दिवस वहीत लिहून ठेवा व ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. ‘सर्वांनाच दुखते’ हे उत्तर मिळाले, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

माझी हजेरी कोणी वाचली असती, तर अकरा वर्षे वाचली असती. बाईंच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेते.