ही सोंगटी का हलवलीस?

साताऱ्यातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांना करिअरविषयी बोलायचं होतं. त्या बैठे खेळ तयार करतात. पण त्या याच शाळेत शिकलेल्या, आणि पहिल्या रांगेत त्यांच्या गणिताच्या निवृत्त बाई. त्यामुळे बराच वेळ पावसाळ्यातले ऑफ तास, फरशीवर खडूने आखलेला पट आणि चिंचोक्यांचे फासे यांतच गेला. डाव संपला की बाई विचारायच्या, “ही सोंगटी का हलवलीस? दुसरी का नाही?” खेळ रचण्याचं शिक्षण तिथेच सुरू झालं, असं त्या बाईंकडे पाहत म्हणाल्या.

मग त्या मोक्षपटाकडे, म्हणजे जुन्या सापशिडीकडे वळल्या. परंपरा त्याचं नातं संत ज्ञानेश्वरांशी जोडते. शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे. पण चाल ठरवतो फासा. लोभाचा साप गिळतो, तेव्हा लोभ खेळाडूने केलेलाच नसतो! स्वतःकडे पाहायला लावायचं तर खेळात निवड हवी आणि तिची किंमत मोजावी लागली पाहिजे, हे त्यांचं ठाम मत.

त्यांचं पुढचं उदाहरण अमेरिकेतलं. एलिझाबेथ मॅगीने १९०४ साली ‘द लँडलॉर्ड्स गेम’चं पेटंट मिळवलं. मोनोपॉलीचं मूळ हेच. पुढे या खेळाला नियमांचे दोन संच होते: एकात संपत्ती वाढली की सगळ्यांचा लाभ, दुसऱ्यात इतरांना कंगाल करणारा विजयी. पट तोच, माणसंही तीच. वागणं मात्र बदलतं.

खेळरचनाकार ब्रेंडा रोमेरोच्या २००९ सालच्या ‘ट्रेन’ या खेळाबद्दल त्या बोलू लागल्या आणि सभागृह शांत झालं. खेळाडू माणसांच्या जागी असलेल्या पिवळ्या सोंगट्या मालडब्यांत भरून गाडी पुढे नेतात. शेवटी मुक्कामाचं कार्ड उलटतं: आउशवित्झसारखं एखादं नाव. नाझींची छळछावणी. नियम पाळले, पण कुठे जायचंय हे विचारलंच नाही, हे तेव्हा कळतं. काहींना आधीच शंका येते, मग ते माणसं वाचवण्यासाठी खेळू लागतात.

“डाव संपला की लगेच दुसरा मांडू नका. बसा. आपण असं का खेळलो ते एकमेकांना सांगा,” हे त्यांनी मुलांना पुन्हा पुन्हा बजावलं. मोबाइलवरचा खेळ ही उसंत देत नाही, याची त्यांना खरी काळजी वाटते. पालकांकडे वळून म्हणाल्या, “घरी आल्यावर ‘जिंकलास का?’ हा प्रश्न थोडा उशिरा विचारा.”

मुख्याध्यापकांकडे त्यांनी आठवड्याचा एक तास मागितला: अर्धा खेळण्यासाठी, अर्धा त्यावर बोलण्यासाठी. त्या बोलण्याला गुण द्यायचे नाहीत, एवढीच अट.